इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ आहेत, तरी पर्याय निवडताना चुकतात

नवखा_भिडू
डिसेंबरात जीआरई (परदेशातल्या उच्च शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा) द्यायची आहे, हातात साडेचार महिने. एका ॲपवरून रोज ३० शब्द करतो, अर्थ हिंदीत असतात. हजारेक शब्द झाले. अर्थ विचारला की सांगता येतो, पण सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात हमखास एक चुकतो. मागचे शब्दही पुसले जातात. शब्द वाढवू की पद्धत बदलू?

खडूफळा
शब्द अजिबात वाढवू नका. त्या प्रश्नात दोन्ही पर्याय बरोबर आले तरच गुण मिळतो, एकाला अर्धा गुण नाही. त्यात पेपर काढणारे एक जोडी अशी टाकतात की दोन्ही शब्द समानार्थी, पण वाक्यात बसत नाहीत. म्हणून आधी पर्याय हाताने झाका, गाळलेल्या जागी स्वतःचा साधा शब्द (मराठीही चालेल) घाला, मग पर्याय बघा.

खरी गडबड 'एक शब्द = एक अर्थ' या हिशेबात आहे. मराठीत ऊन पडतं, स्वप्न पडतं, प्रश्न पडतो. 'पडणे म्हणजे फॉल' एवढंच पाठ केलेल्या परक्या माणसाची जी गत होईल, तीच आपली इंग्रजीत होते. 'मिटिगेट' घ्या. यादीत अर्थ 'कमी करणे'. पण 'मिटिगेट द प्राइस' कोणी म्हणत नाही, किंमत 'रिड्यूस' होते. मिटिगेट होतो तो धोका, नुकसान, वाईट परिणाम. वेदना 'अलीव्हिएट' करतात. भीती, अपराधीपणाची टोचणी 'असवेज' करतात. रागावलेल्या माणसाला 'प्लॅकेट' करतात. मराठीत चारही ठिकाणी 'कमी करणे' किंवा 'शांत करणे' लिहून मोकळे झालात की पर्यायांत फरक दिसणार कसा? आणि 'मिटिगेट'सारखा दिसणारा 'मिलिटेट' हा वेगळाच प्राणी. तो 'अगेन्स्ट'शिवाय सहसा येत नाही, अर्थ 'विरोधात जाणे'.

दुसरं म्हणजे शब्दाचा सूर. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, कौतुक. 'पार्सिमोनियस' म्हणजे चिक्कू. दोघेही पैसे जपूनच खर्च करतात, पण कौतुकाच्या वाक्यात चिक्कू बसत नाही. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा (पुढे प्रश्न, मागे उत्तर) आणि त्यावर अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा.

कार्ड असं बनवा: पुढे कोशातलंच एक वाक्य, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. मागे शब्द, सुराची खूण, त्याच्याबरोबर येणारे दोन शब्द आणि अर्थछटा मराठीत एका ओळीत. दोन अर्थ असतील तर दोन कार्डं. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही, 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. हे एकाच कार्डावर कोंबले की हटकून सोपा तेवढाच आठवतो.

व्यस्त_प्रमाण
हिंदी अर्थांचं काय, ते कोणीच बोललं नाही. मराठी माणसाला हा वेगळाच सापळा आहे, कारण लिपी तीच आणि शब्दही ओळखीचे. ॲपवर 'ऑब्जेक्शन'पुढे 'आपत्ति' लिहिलेलं असतं, डोक्यात जातं संकट. 'एंडेव्हर'पुढे 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हिंदीतला 'व्यस्त' माणूस कामात गढलेला, आपला व्यस्त गणितातला. जागेपणी फरक कळतो, पण घाईत आधी मराठी अर्थ धावून येतो. अर्थ विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशातून घ्या. लाँगमनच्या कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे अर्थ कळायला पुन्हा कोश उघडावा लागत नाही. मराठी छटा आपली आपण लिहायची.

पुठ्ठ्याचा_खोका
'पुसले जातात' याचं उत्तर आकड्यांत आहे. अंकीसारख्या, कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा दाखवणाऱ्या ॲपवर रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण दहापट होते. ३० नवी म्हणजे पुढे रोज ३००. एका कार्डाला १० सेकंद धरले तरी पाऊण तासाच्या वर. एक आठवडा खाडा झाला की शेकडो साचली. त्यात अंकीची मूळ मर्यादा दिवसाला २०० उजळण्यांची. उरलेली १०० दिसतच नाहीत आणि वाटतं, आजचं काम झालं!

रोज १० नवी ठेवा. उजळणी पंधरा-वीस मिनिटांत उरकते. शेवटचे २० दिवस नवं काहीच नको. तरी ११५० शब्द होतात. झालेले हजार टाकू नका, गाळा: शंभर-शंभरचे गठ्ठे घ्या, पाच सेकंदांत तोंडी वाक्य करता आलं तो शब्द बाजूला, बाकीच्यांचीच कार्डं.

मोबाइल हातात आला की भलतीकडे जात असाल तर लाइटनरचा खोका करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. पहिला रोज, मग २, ४, ८, १६ दिवसांनी. आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. चौथ्यातलं चुकलेलं कार्ड तिसऱ्यात ठेवायचा मोह होतो, तो टाळा.

नवखा_भिडू
आभार. ३०चे आजच १० केले. मूळ धातूंवरून शब्द करावेत का?

खडूफळा
करा, पण ओळख पटवायला, अर्थ ठरवायला नाही. लॅटिनमधला 'लोक्वि' म्हणजे बोलणे: एलोक्वेंट, लोक्वेशस, कलोक्वियल, सोलिलोक्वी एका झटक्यात लागतात. आपल्याकडे वच् वरून वचन, वाचा, प्रवचन लागतात तसंच. पण 'लोकल'चा त्याच्याशी संबंध नाही, तो 'लोकस' म्हणजे जागेवरून आला.

उपसर्ग जास्त फसवतात. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचा नव्हे, तर किंमतच करता येणार नाही असा; आपल्या 'अमूल्य'मधला अ तोच. 'इनफ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारा. आणि 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जीचा भाऊ वाटतो, पण अर्थ गलितगात्र करणे. मूळ लॅटिन शब्द स्नायूचा, पुढचा ए म्हणजे 'काढून घेणे'. त्या कार्डावर उण्याची खूण लाल शाईने करा.

व्यस्त_प्रमाण
एक राहिलं. सध्याच्या परीक्षेत भाषेचे प्रश्न २७, वेळ ४१ मिनिटं, आणि त्यातले निम्मे उताऱ्यांवरचे. रोजची कार्डं उरकली की एक लांब इंग्रजी लेख वाचा, आणि नवी १० कार्डं त्याच लेखातल्या अडलेल्या शब्दांची करा.