बॉनमचा जिना आणि आजचा ग्रिड

जुनं रॉक आजच्या पॉपपेक्षा सरस का वाटतं, याचं 'जुन्या रॉकमध्ये भावना होती, आजच्या पॉपमध्ये नाही' असं कारण अनेकदा दिलं जातं; मला ते अपुरं वाटतं. बराचसा फरक ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत आहे आणि तो कानाला कळतो.

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) घ्या. इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम याचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वर जिन्यातच दोन रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीवर आवाज टिपणारे) लावले. बेस ड्रमला वेगळा माइक नाही! पुढे बिन्सन कंपनीच्या यंत्राचा एको (प्रतिध्वनी) आणि जबरदस्त कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं. कॉम्प्रेसर ठोक्याचं टोक दाबतो, मग त्यामागचा जिन्यातला घुमारा वर येतो. तो अवाढव्य आवाज असा घडला.

आज बहुतेक पॉपमध्ये ड्रम म्हणजे सॅम्पल (आधीच मुद्रित केलेले सुटे ठोके), संगणकातल्या ग्रिडवर, म्हणजे वेळेच्या समान अंतराच्या रेघांवर, बसवलेले. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. शंभर टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक ठोका नेमका रेघेवर सरकवला, की वादकाचं दहा-वीस मिलिसेकंदांचं मागेपुढे होणं पुसलं जातं, आणि गाण्याचा डौल त्यातच असतो. ५०-६० टक्क्यांवर थांबलं तर तो बराच टिकतो.

तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा. मोठा आवाज कानाला बहुधा सरस वाटतो, आणि रीमास्टर (नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या) आवृत्त्या अनेकदा मूळ मुद्रणापेक्षा चढ्या असतात. स्पॉटिफायवर नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) चालू ठेवलं की गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) येतात. शिवाय सत्तरच्या दशकातली सुमार गाणी आज कुणी लावत नाही, हेही हिशेबात धरायला हवं.