सिरॅमिक क्लच नकोच
तुमच्या निसान ३७०झेड या स्पोर्ट्स कारचा क्लच बदलायचाय, तर रेसिंगचा सिरॅमिक क्लच (कडक, झटकन पकडणाऱ्या घर्षण प्लेटचा) बसवा असं इथे एकाने सुचवलंय, ते कृपया करू नका. माझ्या आधीच्या गाडीत तो होता. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात गाडी पुढे सरकवताना दर वेळी हिसका, आणि चोर्ला घाटात चढावर जागेवरून निघताना अख्खी गाडी थरथरायची. इंजिन मूळचंच, म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण ३६० न्यूटन-मीटर असेल, तर ऑरगॅनिक (नेहमीच्या गाड्यांत असते तशी, हळुवार पकडणारी) घर्षण प्लेट भरपूर झाली. ट्यूनिंग करून इंजिनाची ताकद वाढवलीय? मग प्रेशर प्लेट (घर्षण प्लेट दाबून धरणारी) जास्त दाबाची घ्या, घर्षण प्लेट ऑरगॅनिकच ठेवा. आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरतोच आहे तर आतला स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बदलूनच घ्या. तो नंतर गळला की पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली! फ्लायव्हीलवर (क्लच ज्यावर दाबला जातो त्या इंजिनाच्या जड चकतीवर) जास्त तापल्याचे निळे डाग दिसतात का, तेही स्वतः उभं राहून बघा.