मदत हवी आहे: गटार-पदपथाच्या कामात मुळे तुटलेली जुनी झाडे 'धोकादायक' ठरण्याआधी काय करता येईल?

नमस्कार.

मी महाराष्ट्रातील एका महानगरपालिका हद्दीतल्या जुन्या वसाहतीत राहतो. शहराचे आणि ठेकेदाराचे नाव येथे लिहीत नाही; प्रश्न झाडांचा आहे आणि तो बहुतेक शहरांत सारखाच असावा. आमच्या घरासमोरच्या साधारण ४०० मीटर लांबीच्या रस्त्यावर १७ मोठी झाडे आहेत: ६ वर्षावृक्ष, ५ कडुनिंब, ३ करंज, २ वड आणि १ सोनमोहर. वसाहत वसली तेव्हा, म्हणजे १९६९ च्या सुमारास, यांतील बहुतेक झाडे लावली गेली असे जुने रहिवासी सांगतात. वड त्याच्याही आधीचे असावेत.

गेल्या जानेवारीत रस्त्याचे काँक्रीटीकरण, पावसाळी गटार आणि पदपथ ही तिन्ही कामे एकदम निघाली. गटारासाठी जेसीबीने पूर्वेकडच्या झाडांना समांतर चर खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामगार येण्यापूर्वी, मी चरात उतरून पाहिले तेव्हा मांडीएवढ्या जाडीची मुळे यंत्राच्या दातांत सापडून पिळवटून तुटलेली दिसली. करवतीने घेतल्यासारखा सरळ काप एकाही मुळाला नव्हता, साल हातभर मागेपर्यंत सोलून आली होती आणि वडाच्या मुळांतून ओघळलेला पांढरा चीक चराच्या तळाशी मातीत कालवला गेला होता. मी चौदा-पंधरा छायाचित्रे काढली, परंतु अंतर व जाडी समजावी म्हणून त्यांत टेप ठेवण्याचे भान मला राहिले नाही. दोनच दिवसांत पाइप टाकून चर बुजवला गेला. पाठोपाठ पेव्हर ब्लॉक आले, आणि शेवटच्या ब्लॉकपासून खोडापर्यंतची फट सिमेंटने भरून टाकली गेली. एका कडुनिंबाच्या बुंध्याभोवती आता गळपट्ट्यासारखे सिमेंटचे कडे असून त्याच्या वरच्या अंगाला साल फुगून बाहेर येऊ लागली आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यातील वादळी पावसात एका वर्षावृक्षाची फांदी खाली उभ्या असलेल्या रिक्षावर पडली. कोणाला इजा झाली नाही, रिक्षाचा टप मात्र फाटला, आणि त्या दिवसापासून वसाहतीत दोन तट पडले. काही रहिवाशांनी पूर्वेकडची चार झाडे धोकादायक असल्याने काढावीत असा अर्ज दिला आहे. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांची मुले रोज सकाळी त्याच झाडाखाली शाळेच्या बसची वाट पाहत उभी राहतात, त्यांच्यापुढे सावलीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मला खुपते ते एवढेच की ही झाडे खरोखरच धोकादायक झाली असतील तर ती जानेवारीतील त्या दोन दिवसांत झाली, आणि त्याची नोंद माझ्या त्या चौदा-पंधरा छायाचित्रांखेरीज कोठेही नाही. पाहणीसाठी आलेले कर्मचारी सुमारे दहा मिनिटे थांबले, मान वर करून फांद्या पाहिल्या, खोडावरचा रंगवलेला क्रमांक लिहून घेतला आणि गेले. खाली, बुंध्यापाशी, कोणी वाकून पाहिले नाही.

मी आयुष्यभर हिशेबाचे काम केले, त्यामुळे नोंदवही ठेवणे एवढेच मला चांगले जमते. जुलैपासून मी प्रत्येक झाडाचे पान उघडले आहे: क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, गटारापासूनचे अंतर, बुंध्याभोवती उघडी माती किती, खिळे किती, विद्युत रोषणाईची जुनी वायर सालीत रुतली आहे का. (एका करंजात २३ खिळे निघाले, त्यांतले बरेच शिकवणीवर्गांच्या पाट्यांचे होते.) वर्षावृक्ष क्रमांक ४ च्या बुंध्याशी, चराच्या बाजूने, ऑगस्टमध्ये तपकिरी, वरून चकचकीत आणि कडेला पांढरी अशी कठीण अळंबी उगवली आहे, साधारण तळहाताएवढी. याच झाडाची पूर्वेकडची पाने यंदा लहान आणि विरळ आहेत.

कायदा मी माझ्या कुवतीप्रमाणे वाचला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचा समावेश आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड हे वारसा वृक्ष ठरते आणि असे झाड काढायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. दुसरीकडे, झाड मृत, रोगट किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असेल तर परवानगीची वाट कायद्यानेच सोपी केली आहे, आणि व्यवहारात सगळी झाडे याच वाटेने जातात असे मला दिसते. आधी मुळे तोडावीत, मग झाड धोकादायक म्हणून काढावे, आणि दोन्ही वेळी कागद स्वच्छ राहावा, अशी ही रचना आहे.

मला मार्गदर्शन हवे आहे ते असे. बुजवलेल्या चरात किती मुळे गेली हे आता, न उकरता, कसे कळावे? सिमेंटचे कडे फोडताना उरलेल्या मुळांना धक्का लागू नये म्हणून कोणते हत्यार वापरावे आणि ते काम पावसाळ्यात करावे की थांबावे? एका बाजूची मुळे तुटल्यामुळे तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूचा विस्तारही छाटावा, असे एका माळीकाम करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले आहे. ते बरोबर आहे का? शिवाय एका मंडळाने दोन्ही वडांना फरशीचा पार बांधून, आत माती भरून देण्याची तयारी दाखवली आहे. हेतू चांगला आहे, पण मला धास्ती वाटते. आणि कायद्यातील 'इजा' या शब्दाचा आधार मुळांच्या बाबतीत कोणी घेतला असल्यास तो अनुभव अवश्य लिहावा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आपण नोंदवही ठेवली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पाराबद्दलची तुमची धास्ती रास्त आहे, म्हणून प्रथम त्याविषयीच लिहितो. बुंध्यावर दोन-तीन फूट माती चढवली की जी साल आजवर उघड्या हवेत होती ती कायम ओलीत राहते आणि कुजू लागते. शिवाय जुन्या मुळांना मिळणारी हवा तुटते. गावोगावचे जुने पार टिकले त्यांतले बरेच दगडांच्या सुक्या रचाईचे होते, पाणी व हवा आतून खेळत असे. आजचा पार म्हणजे सिमेंटची टाकीच असते. मंडळाला नाही म्हणणे अवघड जात असेल तर त्यांना बसायला दोन बाक द्यायला सांगा, खोडापासून लांब.

मुळांविषयी. मोठ्या झाडांची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि विस्ताराच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यामुळे न उकरताही अंदाज बांधता येतो. घेराला ३.१४ ने भागून खोडाचा व्यास काढा. व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे जपण्याचे क्षेत्र धरतात, आणि व्यासाच्या तिपटीच्या आत मोठी मुळे तुटली असतील तर झाडाच्या उभे राहण्याविषयीच शंका घ्यावी लागते. घेर ३.१५ मीटर असेल तर व्यास साधारण १ मीटर. म्हणजे खोडापासून ३ मीटरच्या आत गटार गेले असल्यास गंभीर समजा. वडाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण जमिनीत उतरलेल्या पारंब्या वेगळा आधार देतात; तुमच्या वडांच्या पारंब्या रस्त्याच्या कामांत दरवेळी छाटल्या गेल्या असतील तर मात्र तो आधार नाही असेच धरा.

दुसरी बाजू छाटण्याचा सल्ला कृपया ऐकू नका. तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे फुटायला अन्न पानांतूनच येते, आणि आपण पानेच काढून घेतली तर झाड दोन्हीकडून उपाशी राहते. वाळलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढाव्यात. एखादी लांब आडवी फांदी बसथांब्यावर ओथंबलेली असेल तर तिचे टोकाकडचे वजन कमी करावे. काप घेताना आधी खालून थोडा, मग पुढच्या बाजूला वरून, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला न दुखवता काढावा, म्हणजे साल खाली सोलत जात नाही. डांबर किंवा रंग फासण्याची गरज नाही. त्याने कूज थांबत नाही, झाड स्वतःच जखमेभोवती आतून भिंत उभी करते. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, ती फक्त कोंडली जाते.

सिमेंट फोडायला ब्रेकर यंत्र नको. छिन्नी-हातोडीने, खोडापासून बाहेरच्या दिशेने, तुकडे सुटे करत जावे आणि शेवटचा थर पहारीने न उचकटता हाताने काढावा. पाऊस उघडल्यावर, जमीन ओलसर पण चिखल नसलेली असताना हे काम चांगले होते. जमेल तेवढी माती मोकळी करा, तीवर पालापाचोळ्याचा चार बोटांचा थर द्या, तो खोडाला टेकू देऊ नका, आणि येत्या फेब्रुवारी ते मे या काळात दर पंधरवड्याला भरपूर पाणी द्या. रोज बादलीभर पाणी टाकून काही होत नाही.

क्रमांक ४ विषयी मात्र स्पष्टच लिहितो. बुंध्याशी येणारी अशी चकचकीत अळंबी बहुधा मुळांच्या आणि खोडाच्या कुजीची खूण असते, आणि ही कूज जानेवारीत सुरू झाली असे मी म्हणणार नाही. ती काही वर्षे आत असू शकते. चराने तिला वाट करून दिली असेल किंवा वाढवली असेल. लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहा आणि पोकळ आवाज कोठे येतो ते खडूने आखा. खात्री हवी असेल तर बारीक सुई खोडात शिरवून लाकडाचा विरोध मोजणारे रेझिस्टोग्राफ यंत्र किंवा ध्वनिलहरींची तपासणी करून घेण्याची मागणी करा. तोवर शाळेच्या बसचा थांबा त्या झाडाखालून हलवा. उद्याच हलवा.

प्रतिसाद २

कायद्याच्या बाजूने थोडे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांसंबंधी दिलेल्या आदेशात बुंध्याभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास आणि झाडांवरील फलक, वायरी इत्यादी हटवण्यास सांगितले होते. आदेश दिल्लीच्या यंत्रणांना उद्देशून असला तरी आपल्या अर्जात तो जोडावा.

माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: गटाराच्या कामाचा आराखडा, ज्यात झाडांपासूनचे अंतर दिसेल, या कामासाठी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का, असल्यास तिची प्रत, आणि शेवटच्या वृक्षगणनेतील या १७ झाडांच्या नोंदी. वृक्षगणना दर पाच वर्षांनी होणे कायद्यात अपेक्षित आहे, आणि त्या वेळी झाडाची प्रकृती 'चांगली' अशी नोंदली असेल तर तुमच्या छायाचित्रांना वजन येते. 'इजा' या शब्दाचा आधार अर्जात जरूर घ्या, परंतु भर दंडावर न देता पुढच्या कामावर द्या: पश्चिमेकडचे गटार अजून झाले नसेल, तर त्या बाजूच्या झाडांजवळ हाताने खोदाई करून पाइप मुळांखालून न्यावा, अशी लेखी अट निविदेत घालून घेता आली तर तो मोठा फायदा आहे.

वयाचा पुरावा शोधा. घेरावरून काढलेल्या वयावर वाद होऊ शकतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बसचा थांबा आज सकाळपासून चाळीस पावले पुढे, औषधाच्या दुकानासमोर हलवला आहे. त्यासाठी बसचालकाला एक फोन पुरला. अर्ज देणाऱ्या मंडळींपैकी दोघे नंतर माझ्याबरोबर हातोडी घेऊन आले. क्रमांक ४ चा आवाज चराच्या बाजूने साधारण दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात पोकळ येतो. त्या झाडाविषयी माझा आग्रह मी सोडला आहे. तपासणीत जे निघेल ते मान्य. उरलेल्या तीन झाडांचा अर्ज तपासणी होईपर्यंत पुढे न रेटण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

वयाचा पुरावा घरातच सापडला. १९७४ मधील एका वरातीच्या कृष्णधवल छायाचित्रात, घोड्याच्या मागे, बांबूच्या पिंजऱ्यातली माणसाच्या उंचीहून थोडी मोठी चार रोपे दिसतात, आणि मागच्या घराचा कठडा आजही तसाच असल्यामुळे जागा ओळखता येते. ती क्रमांक २ ते ५ आहेत.

वडाच्या बाबतीत अडलो आहे. दक्षिणेकडच्या वडाचा घेर ४.१० मीटर, म्हणजे व्यास १.३० मीटर, आणि गटार खोडापासून १.४० मीटरवर आहे. पारंब्या सगळ्या छाटलेल्या. जमिनीत उतरलेली एकही नाही. नवी पारंबी पोकळ बांबूत माती भरून, तिच्यातून जमिनीपर्यंत नेता येते असे ऐकले आहे. हे कोणी रस्त्याकडेच्या वडावर केले असल्यास बांबू किती जाडीचा घ्यावा, आत कोणती माती भरावी आणि पारंबी जमिनीला टेकायला किती काळ लागला, ते कृपया कळवावे.