आयर्लंडचं अ‍ॅकिल बेट: एका दिवसात होईल का?

डोंबिवलीची_सून:
नमस्कार मंडळी, जूनमध्ये दिराकडे डब्लिनला जातोय, मी, नवरा आणि सासूबाई (गुडघे बरे नाहीत पण हौस आमच्यापेक्षा जास्त). पश्चिमेकडचं एखादं बेट करायचं डोक्यात आहे, कडे-समुद्र हवेतच पण नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये, जुनं काहीतरी बघायचंय. सगळे इनिश मोर म्हणतात पण सासूबाईंना बोट लागते, मांडव्याच्या लाँचमध्येच हाल होतात. दीर म्हणतो अ‍ॅकिलला जा, तिथे पूल आहे. जवळच्या वेस्टपोर्ट गावाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, जमेल का? शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) आहे आमच्याकडे, तो चालेल ना?

माहीमकर_भटक्या:
आधी व्हिसा बघा ताई, शेंगेन चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो, आजच कामाला लागा. दीर बरोबर सांगतोय, गाडी थेट बेटावर जाते आणि ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून. जाऊन-येऊन जमतं हो, पण करू नका. स्लीवमोर डोंगर ६७१ मीटरचा, त्यावर एकदा ढग बसला की दिवसभर हलत नाही, मग नुसते वायपर बघत बसाल. दोन-तीन रात्री राहा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, कधीतरी उघडतंच. उघडलं की सगळं सोडून कीमला पळा, बेटाचं पश्चिम टोक, रस्ता कड्याला चिकटून जातो आणि वळण घेतलं की खाली एकदम हिरवंनिळं पाणी, गाडी वाळूच्या जवळपर्यंत जाते म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नाही. याच पाण्यात १९५०च्या सुमाराला यकृताच्या तेलासाठी बास्किंग शार्क मारायचे, आता दिसला तर लोक फोन काढून धावतात. आणि रस्त्यात मेंढ्या बसलेल्या असतात, पाठीवर निळे-लाल पट्टे (कुठली कोणाची ते कळायला), हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत.

सह्याद्री_आणि_चहा:
माझं मत वेगळं, इनिश मोर सोडू नका. डून एंगसचा दगडी कोट थेट कड्याच्या काठावर आहे, तसं अ‍ॅकिलला काही नाही. बोट लागते तर कॉनेमाराहून छोटं विमान जातं, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

माहीमकर_भटक्या:
@सह्याद्री अहो विमानाने पोचतील, पण कोटापर्यंत खडकाळ चढ चालून जावा लागतो, त्याचं काय?

मुलुंडची_वर्षा:
इतिहास हवा असेल तर स्लीवमोरच्या पायथ्याचं ओसाड गाव चुकवू नका. ऐंशीच्या वर दगडी घरं, छपरं गेलीत, भिंती उभ्या. एकाच खोलीत एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. ऊन तिरपं असताना उतारावर बटाट्याचे जुने वाफे अजून ओळखू येतात. नंतर नंतर लोक उन्हाळ्यात गुरं चरायला घेऊन तिथे राहायला यायचे, तेही बंद पडलं.
दुसरं किल्डाव्हनेट, ग्रेस ओमॅलीचा बुरूज. ही बाई म्हणजे त्या किनाऱ्याची कान्होजी आंग्रेच, १५९३ मध्ये थेट एलिझाबेथ राणीला भेटून आली. जवळच्या कबरस्तानात पण जा, अ‍ॅकिलच्या दोन दुर्घटनांतली पोरं तिथे पुरलीत. १८९४ मध्ये स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला निघालेली ३२ पोरं क्ल्यू बे या खाडीत बुडाली, अ‍ॅकिलची रेल्वे अजून रीतसर सुरूही झाली नव्हती आणि पहिली गाडी आली ती ही प्रेतं घेऊन. १९३७ मध्ये स्कॉटलंडमध्येच मजुरांच्या झोपायच्या जागी आग लागून इथलीच दहा मुलं गेली, त्यांनाही रेल्वेनेच आणलं आणि त्याच वर्षी ती लाईन बंद झाली. आता त्या मार्गावर सायकल ट्रॅक आहे, वेस्टपोर्टपासून. कोकणातून मुंबईला येणाऱ्यांच्या घरातल्या माणसाला हे वाचून कसंतरी होतं.

डोंबिवलीची_सून:
बापरे, शेंगेनचं बरं झालं विचारलं. अ‍ॅकिल फायनल, राहायचं ठरलं. सासूबाईंना कान्होजीवालं वाचून दाखवलं तर म्हणतात आधी त्या बाईचा बुरूज, मग बीच. व्हेज जेवणाचं कोणी सांगितलंच नाही पण?

मुलुंडची_वर्षा:
सूप, ब्रेड, बटाटा, पुन्हा बटाटा. किचनवालं घर भाड्याने घ्या आणि वेस्टपोर्टलाच सामान भरा, मेतकूट-भडंग इथून न्या.