थंब पिक पहिल्या दिवसापासून, की अंगठा तयार झाल्यावर?

मंद्रसप्तक
गिटार बोटांनी वाजवायला शिकणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : आधी नुसत्या अंगठ्याने हात बसवा, थंब पिकचं (अंगठ्यात कड्यासारखी घालायची, पुढे पातं असलेली नखी) नंतर बघू. पाश्चात्त्य क्लासिकल गिटारकडे जाणाऱ्यासाठी ठीक. पण ज्याला ट्रॅव्हिस पिकिंग शिकायचंय, म्हणजे अंगठ्याने जाड तारांवर आलटूनपालटून ठेका धरायचा आणि बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवायची, त्याने पिक पहिल्याच दिवशी चढवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पिकचं पातं अंगठ्याच्या पुढे आलेलं असतं. नुसत्या अंगठ्याच्या सवयीने मनगट खाली ठेवलं, की हे पातं तारेत खोल घुसतं आणि अडकतं. मग मनगट उचला, अंगठा तारांशी जवळजवळ समांतर आणा, त्यापायी बोटांचा कोन बदला. सहा महिने घोटून बसवलेला हात मोडायचा आणि पुन्हा बसवायचा. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

ही शैली घडली अमेरिकेत, केंटकीतल्या म्यूलेनबर्ग काउंटीत, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. जिच्यामागे ज्याचं नाव लागलं तो गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) तिथलाच. मोझ रेगर आणि आईक एव्हर्ली या खाणकामगारांचं बघून तो शिकला. त्याच्या वादनात जाड तारांचा जो 'ठप्प ठप्प' ठेका ऐकू येतो, तो पिक आणि घोडीवर (गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात ती पट्टी) टेकवलेला तळहात या दोघांनी मिळून होतो. त्यातलं एक काढून शिकायचं म्हणजे अर्धीच शैली शिकायची.

कोरडा_अंगठा
सपशेल असहमत.

नवशिक्याच्या डाव्या हाताची बोटं आधीच सोलवटलेली असतात. त्यात उजव्या अंगठ्यात ही परकी वस्तू. ती फिरते, सटकते, तारेत अडकते. पोरगं पंधरा दिवसांत गिटार कपाटावर टाकतं. नुसत्या अंगठ्याला तार कुठे आहे ते न बघता कळतं, प्लास्टिकला नाही. ही जाण आधी यायला हवी.

आणि आवाजाचं काय? प्लास्टिकने वाजलेली जाड तार दणक्यात बोलते आणि नवशिक्याच्या बोटांची चाल तिच्याखाली गुदमरते. वेस माँटगोमेरीने नुसत्या अंगठ्याने जॅझ वाजवून जग जिंकलं, तेही विसरू नका.

मंद्रसप्तक
वेस माँटगोमेरीबद्दल दुमत नाही, पण इथे तो गैरलागू. अंगठ्याने ठेका आणि बोटांनी वेगळी चाल हे त्याचं कामच नव्हतं, त्याचा अंगठा चालच वाजवत होता.

दणका आवरायला तळहात आहे की. तळहाताची करंगळीकडची कड घोडीवर, नेमकी तारा जिथे तिच्यावरच्या हाडाच्या पट्टीवरून उतरतात तिथे टेकवा. एवढीशी पुढे सरकली तर तार मुकी होते, मागे गेली तर गुंजत राहते. हे पिक घालूनच कळतं.

नखीवाला
मी सतारवाला, त्यामुळे लांबून बोलतो. सतार शिकायला आलेल्याला कुणी गुरुजी म्हणतात का, की आधी सहा महिने नुसत्या तर्जनीने 'दा रा' काढ, नखी मग देतो? पहिल्या दिवशी नखी टोचते, बोटावर वळ उठतो, तरी तीच घालायची. मोहन वीणाही आडवी ठेवून नख्या घालूनच वाजवतात, ती तर गिटारचंच रूप. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते याच वाद्यावर.

कोरडा_अंगठा
@नखीवाला, सतारीला नखीवाचून आवाजच निघत नाही. गिटारला निघतो, आणि चांगला निघतो. भट्टसाहेब तर डाव्या हाताने तारेवरून सळई फिरवतात, बोटांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून बसत नाहीत. उपमा छान आहे, पण लागू नाही.

नखीवाला
बरं बुवा.

सहावी_तार
मी पुण्यात मुलांना शिकवते. धागाकर्त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर असेल, पण माझ्याकडे ट्रॅव्हिस शिकायला येतं कोण? येतात ते गाण्याबरोबर कॉर्ड वाजवायला. त्यांना पिक दिलं की खालून वर स्ट्रोक मारताना पातं तारेला आडवं जातं. पिक तर्जनीने चिमटीत धरलं तर जमतं, पण ते वेगळंच शिकवावं लागतं.

शिवाय 'योग्य हात' एकच असतो हेही मला मान्य नाही. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सने १९३९च्या सुमारास रेडिओवर ट्रॅव्हिस ऐकला. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवायचा. चेटला वाटलं, इतकं सगळं दोन बोटांत शक्यच नाही, म्हणून त्याने अंगठ्याला आणखी बोटं जोडली. त्या गैरसमजातून त्याची स्वतःची शैली उभी राहिली.

मंद्रसप्तक
ताई, चेटचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बोटं बदलली, अंगठ्यातलं पिक नाही! गिटारवादक टॉमी इमॅन्युएलपर्यंत तीच परंपरा. फ्रेडी किंगसुद्धा ब्लूज वाजवायचा तो अंगठ्यात प्लास्टिकचं आणि तर्जनीत धातूचं पिक घालून.

गाण्याच्या साथीपुरतं शिकणाऱ्याने पिकच्या भानगडीत पडू नये, हे आधीच मान्य. ज्याला ही शैली हवी आहे त्याच्यासाठी पहिला धडा देतो, करून बघा. सी कॉर्ड धरा. फक्त अंगठा : पाचवी तार, चौथी, सहावी (सगळ्यात जाड), चौथी. सहावीच्या वेळी अनामिका पाचवीवरून उचलून सहावीच्या तिसऱ्या पडद्यावर न्यायची आणि पाचवीसाठी परत आणायची. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. अंगठा टीव्ही बघताना आपोआप चालेपर्यंत बोटांना बारीक तारांकडे फिरकू द्यायचं नाही.

सहावी_तार
हा धडा नुसत्या अंगठ्याने तंतोतंत असाच करता येतो, एवढंच नोंदवते.

चकटफू
मी धागा वाचून कालच पिक आणलं. अर्धा तास वाजवलं, अंगठा जांभळा पडला. हे नॉर्मल आहे का?

मंद्रसप्तक
नाही. लहान माप दिलंय तुम्हाला. पिक लहान, मध्यम, मोठं अशा मापांत येतं, घालून बघून घ्यायचं. आता आणलंच आहे तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ झालं की कडं हलकेच फाकवा आणि तसंच धरून गार पाण्यात घाला. गॅसवर अजिबात धरू नका. सेल्युलॉइडचं असेल तर भडकन पेटेल. पातं फार लांब वाटलं तर नखं घासायच्या कानशीने थोडं कमी करा आणि कडा गुळगुळीत करा, नाहीतर तारेवर खरखर येते.

कोरडा_अंगठा
म्हणजे पिक उकळा, फाकवा, गार करा, घासा. आणि हे सगळं त्याने करायचं, ज्याला अजून सी कॉर्ड धड धरता येत नाही. चालू द्या तुमचं.