आईच्या फोनचा पिन आठवत नाही, बॅकअपही नाही: फोटो आणि व्हॉट्सॲप कसं वाचवायचं?

तांबडमाती
फोन सॅमसंग गॅलेक्सी एम३१, अँड्रॉइड १२. आईने पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवला आणि आता तो आठवत नाही. मध्ये बॅटरी संपून फोन बंद पडला, त्यामुळे बोटाचा ठसाही चालत नाही, पिनच मागतो. गुगलची १५ जीबी जागा भरल्यामुळे फोटोंचा बॅकअप बराच काळ थांबलेला. मुख्य म्हणजे व्हॉट्सॲपवर बाबांचे व्हॉइस मेसेज आहेत. बाबा आता नाहीत, म्हणून ते कुठल्याही परिस्थितीत हवे आहेत. दुकानदार म्हणतो, "सॉफ्टवेअर मारून लॉक काढतो, डेटाची गॅरंटी नाही." त्याच्याकडे द्यावा का?

बोर्डलेव्हल
अजिबात देऊ नका. "सॉफ्टवेअर मारणं" म्हणजे अशा फोनवर फॅक्टरी रिसेट किंवा डेटा पुसणारं फ्लॅशिंग (सिस्टिम नव्याने भरणं). अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये फाइल एन्क्रिप्शन (फाइली किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा साठवणं) सक्तीचं आहे आणि एम३१ त्यातलाच. फोटो, चॅट, मेसेज ज्या किल्लीने कुलूपबंद असतात ती दोन गोष्टींतून तयार होते: प्रोसेसरमधलं गुपित आणि तुमचा पिन. रिसेट केल्यावर किल्लीच नष्ट होते. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरला सापडतो तो निव्वळ अर्थहीन डेटा. "लॉक काढा, डेटा ठेवा" असं सांगून विकली जाणारी सॉफ्टवेअरं अशा फोनवर हेच करतात, पैसे घालवू नका.

मेमरी चिप काढून वाचतो म्हणणाऱ्यालाही नकार द्या. किल्लीचा अर्धा भाग प्रोसेसरमध्ये असल्याने एकट्या चिपमधून काहीही निघत नाही. बोर्ड (फोनचं मुख्य सर्किट) जळालेला असेल तर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही एकत्र दुसऱ्या बोर्डावर बसवावे लागतात, आणि त्यानंतरही पिन लागतोच. तुमचा बोर्ड धडधाकट आहे, तेव्हा त्याला हात लावायचं कारणच नाही.

पिनचे अंदाज मारताना प्रत्येक आकडा कागदावर लिहा. मूळ अँड्रॉइडमध्ये चुका वाढतील तशी थांबण्याची वेळ ३० सेकंदांवरून वाढत जाते आणि १४० चुकांनंतर दिवसाला एकच संधी मिळते. चार आकडी पिनच्या सगळ्या १०,००० जोड्या तपासायला या हिशेबाने सुमारे २७ वर्षं लागतील, तुमचा तर सहा आकडी आहे. शिवाय सॅमसंगमध्ये "ऑटो फॅक्टरी रिसेट" नावाची सेटिंग असते. ती कुणी चालू केली असेल तर ठरावीक चुकांनंतर फोन स्वतःच सगळं पुसतो. म्हणून जन्मतारखा, गाडीचा नंबर, जुन्या घराचा पिनकोड असे मोजकेच अंदाज घ्या आणि थांबा. पिन टाकताना आईचं बोट कसं फिरायचं हेही तिला आठवून बघायला सांगा. आकडे विसरले तरी हाताची सवय बऱ्याचदा शिल्लक असते.

रानपाखरू
फोनवर आईचं सॅमसंग खातं आहे का? असेल तर खरी आशा तिथे आहे. कॉम्प्युटरवर सॅमसंग फाइंड (आधीचं नाव स्मार्टथिंग्ज फाइंड) या साइटवर त्याच खात्याने लॉगिन करा, फोन निवडा आणि "अनलॉक" पर्याय दिसतो का ते पाहा. तो चालला तर पिन, पॅटर्न, ठसे निघून जातात आणि डेटा जसाच्या तसा राहतो. दोन अटी आहेत. फोनमध्ये "रिमोट अनलॉक" आधीपासून चालू असायला हवं, आणि फोन इंटरनेटला जोडलेला हवा. खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर तो ईमेल किंवा मोबाइल नंबरवरून बदलता येतो.

ओटीपीसाठी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालावं लागलं तर घाला, पण त्या फोनवर आईच्या नंबराने व्हॉट्सॲप सुरू करू नका. नव्या फोनवर नोंदणी झाली की जोडलेले सगळे कॉम्प्युटर लॉगआउट होतात. कुठल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब चालू असेल तर आधी तिथूनच बाबांचं चॅट उघडून जितके मेसेज मिळतील तितके डाउनलोड करा. मुख्य फोन १४ दिवस वापरला गेला नाही तर ते कनेक्शनही तुटतं, म्हणजे हे काम आजचंच. जुने ऑडिओ कदाचित उतरणार नाहीत, कारण ते फोनकडून मागवावे लागतात आणि पिन टाकेपर्यंत त्या फोनमधलं व्हॉट्सॲप चालूच होत नाही.

मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून काढा आणि कार्ड रीडरने वाचा. फोनमधून कार्ड एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर कॅमेऱ्याचे फोटो सरळ दिसतील. डिलीट झालेले फोटो फोटोरेक या रिकव्हरी सॉफ्टवेअरने शोधता येतात, फक्त सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका.

कॉन्टॅक्ट गुगल कॉन्टॅक्ट्सच्या साइटवर बघा, बरेचसे तिथे असतील. गुगल फोटोजमध्येही जागा भरण्याआधीचे फोटो तसेच असतात.

पाटीपेन्सिल
मध्येच विचारतो. माझ्या फोनचा पिन माहीत आहे, पण डिस्प्ले पूर्ण काळा.

बोर्डलेव्हल
मग तुमचं काम सोपं आहे. ओटीजी अडॅप्टरला (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) यूएसबी कीबोर्ड लावा, स्पेस दाबा, पिन टाइप करून एंटर. रिअलमी, ओपो, वनप्लसच्या अनेक फोनांत ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि १० मिनिटं न वापरल्यास आपोआप बंद होतं. कीबोर्ड चालला नाही तर कारण बहुधा तेच. कॉम्प्युटरला जोडल्यावर "फाइल ट्रान्सफर" स्क्रीनवर निवडावं लागतं, त्यामुळे शेवटी जुना चालता डिस्प्ले तात्पुरता जोडून घेणं बरं. तो चिकटवायची गरज नाही, कनेक्टर बसवला की पुरे.

तांबडमाती
दोघांचे मनापासून आभार. सॅमसंग खातं निघालं, पासवर्डही बदलला. साइटवर अनलॉक दिसतं, पण फोन "ऑफलाइन" दाखवतो. सिमचं रिचार्ज संपलेलं आहे आणि घरचं वायफाय मध्यंतरी बदललं.

रानपाखरू
अनलॉक दिसतंय ही फार चांगली बातमी आहे. डेटाचं रिचार्ज करा, तोच सरळ मार्ग. सिम परत त्याच फोनमध्ये घाला. सिमलाच पिन असेल तर तोही टाकावा लागेल. तरीही ऑफलाइन राहिला तर दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून त्याला जुन्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, बँड २.४ गिगाहर्ट्झ. आईच्या फोनचं वायफाय चालू राहिलेलं असेल तर तो ओळखीचं नेटवर्क समजून जोडला जातो. फोन चार्जरवर ठेवा आणि साइटवर पुन्हा प्रयत्न करा.

उघडल्यावर नवा पिन किंवा अपडेट काहीही करायच्या आधी यूएसबीने कॉपी करा. इंटर्नल स्टोरेजमधला डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचा) फोल्डर, आणि अँड्रॉइड > मीडिया > कॉम.व्हॉट्सॲप हा अख्खा फोल्डर. बाबांचे आवाज त्यातल्या "व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स"मध्ये आठवड्यावार उपफोल्डरांत ओपस फाइली म्हणून मिळतील. फाइलीच्या नावात कुणाचा मेसेज ते नसतं, फक्त तारीख असते. म्हणून व्हॉट्सॲपमध्ये बाबांचं चॅट उघडून "एक्सपोर्ट चॅट" मीडियासकटही करा. त्यात प्रत्येक मेसेज कुणाचा ते कळतं, पण मोठं चॅट असेल तर जुना मीडिया त्यात येत नाही, तो फोल्डरमधल्या कॉपीतून तारखांवरून जुळवावा लागेल.