मदत हवी आहे: रडार बंद केलं तर क्षेपणास्त्र कुठं जातं?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्गातल्या काही पोरांना एनडीएत (खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत) जायचंय, त्यामुळं तास कुठूनही सुरू झाला तरी ब्रह्मोस क्षेपणास्त्रावर येतो. समुद्र पाहिलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण जहाज कसं बुडवायचं यावर सगळ्यांचं मत तयार!

जहाजाचा भाग फळ्यावर करून झालाय. रडार पाण्यापासून २० मीटर उंच आणि क्षेपणास्त्र १० मीटरवरून येत असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळं ते साधारण ३१ किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसतं. सेकंदाला ८०० मीटर वेग धरला तर जहाजाला ४० सेकंदही मिळत नाहीत. सेकंदाला २८० मीटरवाल्या सबसॉनिकला (आवाजापेक्षा हळू जाणाऱ्याला) जवळजवळ दोन मिनिटं लागतात.

अडलंय पुढं. रशियाच्या केएच-३१ या विमानातून सोडायच्या क्षेपणास्त्राचे दोन प्रकार, ए जहाजं उडवण्यासाठी आणि पी रडार उडवण्यासाठी. इंजिन तेच, रॅमजेट, म्हणजे वेगामुळं समोरून आत घुसणाऱ्या हवेवर चालणारं. पण जमिनीवरचं रडार काही पळत नाही, मग त्याला एवढा वेग कशाला? आणि समोरच्यानं रडार बंदच केलं तर? शिवाय रॅमजेट थांबलेल्या अवस्थेतून सुरू होत नाही, मग त्याला सुरुवातीचा वेग देणारा बूस्टर चित्रात दिसत का नाही?

व्हिडिओच्या लिंका नकोत, त्यात ढोल जास्त असतात.

नांदेडकर: सर, रडार पळत नाही पण त्याचं बटण पळतं. पी प्रकार स्वतः काही सोडत नाही, समोरच्या रडारच्या लहरी ऐकत जातो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या श्राइक या रडारमारू क्षेपणास्त्राचा हाच घोटाळा व्हायचा. रडार बंद झालं की ते भरकटायचं. पुढं आलेल्या हार्म या क्षेपणास्त्रात शेवटची दिशा लक्षात ठेवायची सोय आली. आपल्या रुद्रम-१ या रडारमारू क्षेपणास्त्रात लहरी ऐकणाऱ्या सीकरबरोबर (लक्ष्य शोधणाऱ्या टोकाबरोबर) आयएनएस-जीपीएस, म्हणजे आपण कुठं आहोत ते ओळखून दिशा धरणारी यंत्रणा आहे. ९ ऑक्टोबर २०२० ला सुखोईवरून चाचणी झाली. वेग यासाठीच, की बटणापर्यंत हात जायच्या आत पोचावं. आणि खरं सांगू का, घाबरून रडार बंद ठेवलं तरी काम झालंच की! तेवढ्यात आपली विमानं निघून जातात.

गोदाकाठ: बूस्टर आत आहे सर. रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच घन इंधन भरलेलं असतं. ते जळून वेग आला की तीच रिकामी जागा रॅमजेटची भट्टी होते आणि हवा आत येऊ लागते. ऑक्सिजन बाहेरून मिळतो, म्हणून ओझं वाचतं. आणखी एक, सुरुवातीच्या पी ला वेगवेगळ्या लहरींसाठी वेगवेगळे सीकर होते. कोणता लावायचा ते उड्डाणाआधी जमिनीवरच ठरवावं लागे. म्हणजे समोर कोणतं रडार आहे याची खबर आधी हवी. पोरांना हे जरूर सांगा, सगळ्यांचं लक्ष वेगावरच असतं.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. एक शेपूट राहिलं. केएच-३१ साधारण ६०० किलोचं, मग विमानातलं ब्रह्मोस अडीच टनांचं कसं?

नांदेडकर: पल्ला आणि स्फोटकं, सर. केएच-३१ए चा पल्ला शंभर किलोमीटरच्या आत, टोकातली स्फोटकंही शंभर किलोच्या आत. ब्रह्मोसचा पल्ला सुरुवातीला जाहीर केलेलाच २९० किलोमीटर, पुढं तो आणखी वाढवला. म्हणून तर सुखोईच्या पोटाखाली एकच बसतं, आणि त्यासाठीही नाशिकला एचएएल या विमान कारखान्यात विमानाचा सांगाडा मजबूत करून घ्यावा लागला.